खोल पांढरं सिंक आणि आपला ओटा

सिंक बघायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "सिंगल बाउल देऊ की डबल?" उत्तर देण्याआधी घरातली सगळ्यांत मोठी परात डोळ्यांसमोर आणावी. जमलं तर पिशवीत घालून सोबतच न्यावी. आमच्याकडे रोज कणीक जिच्यात मळली जाते ती परात पंधरा इंची आहे. डबल बाउलच्या कुठल्याच कप्प्यात ती आडवी बसत नाही. एका हाताने तिरकी धरून, फिरवत फिरवत घासावी लागते आणि निम्मं पाणी ओट्यावर येतं. कढई, पाच लिटरचा कुकर, इडलीपात्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, दुधाचं पातेलं. आपल्या घरांतली भांडी मोठी असतात, गोल असतात आणि एकदम पडतात. त्यांना एकच मोठा, खोल हौद लागतो. म्हणून कोथरूडच्या आमच्या घरात ओटा नव्याने करताना मी जुन्या पद्धतीचं खोल, पांढरं सिरॅमिक सिंक बसवलं. सणवार, पाहुणे, उन्हाळ्यातलं टँकरचं पाणी, सगळं त्याच्यावरून गेलं आहे, त्यामुळे आता त्याच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल.

मत आधीच सांगते. भांडी घासायला यापेक्षा चांगली जागा मी पाहिलेली नाही. मात्र ते सिंक कोणत्या उंचीवर बसतं यावर सगळं अवलंबून आहे, आणि ती उंची मोजायचं काम ना दुकानदार करतो, ना किचनवाला. ते आपल्यालाच करावं लागतं.

या सिंकला इंग्लंडमध्ये बेलफास्ट सिंक म्हणतात, अमेरिकेत फार्महाउस सिंक. भवानी पेठेतल्या सॅनिटरीच्या दुकानात यांपैकी काहीही मागितलं की आयात मालाचा गुळगुळीत कॅटलॉग समोर येतो. लॅब सिंक मागितलं की दुकानदार पोऱ्याला मागच्या गोडाउनात पाठवतो. शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलेलं जाड काठाचं, पांढरं, चौकोनी सिंक, तेच हे. भारतीय मानकांतसुद्धा आय. एस. ७७१ या मानकाच्या दुसऱ्या भागात स्वयंपाकघरातली आणि प्रयोगशाळेतली फायरक्लेची सिंकं एकत्रच धरलेली आहेत. माझ्या आत्याच्या दादरच्या ब्लॉकमध्ये असंच सिंक होतं. तेव्हा त्याला कोणी खास समजत नव्हतं. घर भाड्याने घेतलं की ते आत असायचंच. नंतर स्टील आलं, हलकं आणि स्वस्त, आणि ही पांढरी सिंकं स्वयंपाकघरातून निघून प्रयोगशाळेपुरती उरली.

फायरक्ले म्हणजे भट्टीच्या विटांना वापरतात तशी उष्णता सोसणारी माती. तिचा पातळ गारा प्लास्टरच्या साच्यात ओततात, साचा त्यातलं पाणी शोषून घेतो, मग वाळवून, वरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवून साधारण १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या आचेला ग्लेझ मातीत मुरतं, वर नुसता रंगासारखा बसत नाही. वॉशबेसिन आणि कमोड ज्याचे असतात ते व्हिट्रिअस चायना याहून घट्ट असतं, पाणी जवळजवळ शोषतच नाही, पण एवढा मोठा चौकोनी डबा त्याचा केला तर भट्टीत वाकडा होतो. म्हणून मोठ्या सिंकांना फायरक्ले. लँकेशायरमधली शॉज ऑफ डार्वेन ही कंपनी १८९७ पासून अशी सिंकं बनवते आहे, आणि आपल्याकडे सिरॅमिकचा बराचसा माल गुजरातमधून, मोरबी-थानगढ भागातून येतो.

माती वाळताना आणि भाजताना आटते. ती प्रत्येक नगाला अगदी सारखी आटत नाही. त्यामुळे कॅटलॉगमध्ये ६०० बाय ४५० मिलिमीटर लिहिलेलं सिंक हातात येतं तेव्हा थोडं कमी-जास्त भरतं. दोन टक्के इकडेतिकडे सहज. सहाशेवर दोन टक्के म्हणजे बारा मिलिमीटर, आणि ग्रॅनाइटच्या कापात बारा मिलिमीटर म्हणजे बोटभर फट. सिंक प्रत्यक्ष घरात येऊन पडल्याशिवाय ग्रॅनाइटवाल्याला किंवा सुताराला माप देऊ नका. कागदावरचं माप, वेबसाइटवरचं माप, दुकानात लावलेल्या नमुन्याचं माप, यांतलं कुठलंच चालत नाही. तुमच्या घरात येणाऱ्या त्याच नगाचं माप घ्यायचं, पुढची कड वेगळी आणि मागची कड वेगळी.

दुकानात नग निवडायला वेळ द्यावा. आमच्या दुकानदारांनी तो दिला, त्यांचे आभार मानायला हवेत. कुंभारवाड्यात माठ घेताना बोटाने टकटक वाजवून बघतो तसंच हेही वाजवून बघायचं: टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे. एका नगाला पाण्याच्या भोकापाशी केसाएवढी रेघ होती. ती आम्हाला दिसायच्या आत त्यांनीच तो बाजूला केला. मग सपाट फरशीवर ठेवून कोपरे दाबून बघितले, डुलतं का. काठावर स्टीलची पट्टी आडवी धरली, खाली उजेड दिसतो का ते पाहिलं. थोडा दिसणारच, ही हातघडणीच्या जवळची वस्तू आहे. शेवटी तांब्याभर पाणी आत ओतलं. हे सगळ्यांत महत्त्वाचं. तळाला भोकाकडे उतार असतो, पण तो सगळ्या नगांत सारखा नसतो, आणि ज्याच्या कोपऱ्यात पाणी थांबतं त्याच्यात ते कायमच थांबणार. पाणी ओतू दिलं नाही तर दुसरं दुकान बघा.

बिल झालं साडेआठ हजार रुपये. टेम्पो आणि हमाली वेगळी. आयात केलेलं त्याच मापाचं सिंक याच्या कितीतरी पट महाग होतं. त्याच्या कडा जास्त रेखीव होत्या आणि भोक मोठं होतं, हे मान्य. भोकाचा मुद्दा पुढे येईलच.

वरच्या कडेशी जादा पाणी जायची सोय, म्हणजे ओव्हरफ्लो, असलेलं सिंक घ्यावं की नसलेलं? इंग्लंडमध्ये असं सांगतात की बेलफास्टमध्ये पाणी मुबलक म्हणून तिथल्या सिंकला ओव्हरफ्लो, आणि लंडनमध्ये पाण्याची ओढ म्हणून तिथल्या बटलर सिंकला तो नाही. मी ओव्हरफ्लो नसलेलं घेतलं, कारण दुसरंच. ती पोकळी सिंकच्या भिंतीच्या आतून जाते, तिथे हात पोचत नाही, ब्रश पोचत नाही, आणि आपल्या हवेत अशा ओल्या अंधाऱ्या जागेत झुरळं झाली नाहीत तरच नवल. पुण्यातल्या स्वयंपाकघरासाठी मी तरी बिनओव्हरफ्लोचंच सुचवेन. बूच लावून नळ सोडायचा नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

आता उंची. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला.

आमच्याकडे सकाळची भांडी मावशी घासतात. त्यांची उंची पाच फुटांपेक्षा जरा कमीच. दुपारची माझ्या वाट्याला. मी पाच फूट पाच इंच. रात्रीची नवरा घासतो, तो सहा फुटांच्या जवळ जातो. आपल्याकडचा ओटा सहसा ३३-३४ इंच उंच असतो. ही उंची शेगडीसाठी बरी आहे, पातेल्यात डाव फिरवताना कोपर उचलावं लागत नाही. पण त्याच ओट्यात खोल सिंक बसवलं की हिशोब बदलतो. ३४ इंच म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. त्यातून ग्रॅनाइटची जाडी आणि सिंकची आतली बावीस सेंटिमीटर खोली वजा केली की तळ जमिनीपासून जेमतेम ६२ सेंटिमीटरवर येतो. सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते कोणाकडून तरी मोजून घ्या. पाच फुटी बाईची साधारण ६५ सेंटिमीटरवर येतात, माझी ७१ वर, नवऱ्याची ७६ च्या पुढे. सिंकचा तळ त्या उंचीच्या खाली गेला की तेवढं कमरेत वाकावं लागतं. वाकणं चार-पाच सेंटिमीटरचं असेल तर कळत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटरचं असेल तर कुकर घासेपर्यंत कंबर बोलायला लागते. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे: खोल सिंकचा त्रास बुटक्या माणसापेक्षा उंच माणसाला जास्त होतो. बरेच जण याच्या उलट समजतात आणि घरातल्या सगळ्यांत बुटक्या बाईकडे बघून ओटा खाली घेतात.

जुन्या वाड्यांतल्या मोरीत हा प्रश्न नव्हता. शहाबादी फरशीवर पाटावर बसून भांडी घासायची, भांडं समोर, हात मांडीच्या पातळीवर. सासूबाई शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढल्या, त्या म्हणतात, "बसून घासताना गुडघे दुखायचे, कंबर नाही." उभ्याचा ओटा आला तेव्हा गुडघे सुटले आणि कंबर अडकली. मग सिंकसुद्धा उभ्या माणसाचं माप घेऊन बसवायला नको का?

आम्ही ओट्याच्या दोन पातळ्या केल्या. शेगडीचा भाग ३३ इंच, आणि सिंक व त्याच्या बाजूची भांडी पालथी घालायची जागा ३६ इंच. गवंडीदादा नाखूश होते. "ताई, पायरी दिसेल मध्येच. लोक विचारतील." दिसू दे म्हटलं. एका मॉड्युलर किचनवाल्यांनी तर काम घ्यायलाच नकार दिला होता. त्यांच्या तयार कपाटांच्या उंचीत ते बसत नव्हतं. ३६ इंचांमुळे तळ ६७ सेंटिमीटरच्या आसपास आला. मावशींना तो बरोबर आहे. माझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी तळाला ठेवायची सागवानी पट्ट्यांची जाळी सुताराकडून करून घेतली, चार सेंटिमीटर उंच. ती ठेवली की भांडं तेवढं वर येतं. मावशी आल्या की ती उचलून भिंतीला टेकवतात. नवऱ्याला अजूनही थोडं वाकावं लागतं, पण पूर्वीच्या स्टीलच्या सिंकपेक्षा कमी.

दुसरा फायदा मला आधी नीट लक्षात आला नव्हता, वापरताना कळला. स्टीलचं सिंक ओट्यात कापून बसवतात तेव्हा पुढे तीन-चार इंच ग्रॅनाइटची पट्टी उरते. पोट त्या पट्टीला लागतं आणि हात तेवढे पुढे ताणावे लागतात. या सिंकची पुढची भिंतच उघडी असते, मधे ग्रॅनाइट नाही. आपण थेट सिंकला टेकून उभे राहतो. हात तीन-चार इंच जवळ आले की खांद्यावरचा ताण लगेच उतरतो. त्याची किंमतही आहे: कडेवरून ओघळलेलं पाणी थेट आपल्या पोटाशी येतं. मावशी पदर खोचून वर प्लॅस्टिकचं एप्रन बांधतात, आम्हीही तेच करतो. आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ती कड गार लागते, चांगलीच गार.

दोन पातळ्यांमुळे एक गोष्ट मात्र खरोखर गेली. रात्री ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून, वायपरने सिंकमध्ये ओढून ओटा धुवायची आपली पद्धत. शेगडीकडचं पाणी आता तीन इंच वर कसं चढणार? सासूबाईंना हे खटकतं, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्याने पुसणं आणि ओटा धुणं यात फरक आहे. तुमच्या घरी ओटा रोज धुतला जात असेल तर सगळाच ओटा ३५ इंचांवर घ्या, शेगडीला थोडं उंच वाटलं तरी चालेल, आणि उरलेली उंची तळाच्या जाळीने भरून काढा.

बसवायचं काम साध्या गवंड्याला आणि प्लंबरला जमतं, फक्त उभं राहून करून घ्यावं लागतं. रिकामं सिंक पस्तीस किलोच्या घरात आहे. आत काठोकाठ पाणी मावतं ते पंचेचाळीस लिटरहून अधिक, म्हणजे भरलेलं सिंक ऐंशी किलोंच्या पुढे. हे वजन ग्रॅनाइटला चिकटवून पेलणार नाही. खाली दोन्ही बाजूंना चार इंची विटांच्या भिंती, त्यांवर कडप्पा, कडप्प्यात पाइपापुरतं भोक, आणि त्यावर सिंक. ग्रॅनाइट नंतर वरून येतं, तीन बाजूंनी सिंकच्या काठावर थोडं पुढे झुकलेलं, म्हणजे ओट्यावरचं पाणी आतच पडतं. सांधा पांढऱ्या सिमेंटने भरू देऊ नका, ते तडकतं. सॅनिटरी सिलिकॉन वापरा. पुढची भिंत खालच्या कपाटाच्या दारांपेक्षा निदान इंचभर पुढे यायला हवी. दारांच्या रेषेत बसवली तर ओघळ सरळ प्लायवर जातो आणि दारं फुगतात.

प्लंबरसाठी दोन गोष्टी. ओव्हरफ्लो नसेल तर वेस्ट कपलिंग, म्हणजे भोकात बसून खालच्या पाइपाला जोडला जाणारा तुकडा, फुल थ्रेडचं, अखंड आट्यांचं लागतं. हाफ थ्रेडच्या कपलिंगला मधे खाचा असतात, त्या ओव्हरफ्लोच्या पाण्यासाठी, आणि बिनओव्हरफ्लोच्या सिंकला ते लावलं तर तिथूनच गळतं. दुसरं, या सिंकचा तळ स्टीलसारखा पत्र्याचा नाही, चांगला जाड आहे, त्यामुळे नेहमीचं आखूड कपलिंग खालून नटापर्यंत पोचत नाही. लांब घ्या. वरखाली रबरी वॉशर घालून हाताने आवळायचं. पान्याने जोर लावला तर सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. नळाची मात्र काही अडचण नाही. या सिंकांना नळाचं भोक नसतंच, आणि आपल्याकडे भिंतीतून येणारा, फिरत्या तोटीचा सिंक कॉक आधीपासून असतो. तोटीला फेसाची जाळी लावा, नाहीतर खोल तळावर धार आपटून शिंतोडे उडतात.

भोकाचं सांगायचं राहिलं. लॅब सिंकचं भोक लहान असतं, स्टीलच्या सिंकला येते तशी मोठी टोपलीवजा जाळी त्यात बसत नाही. वर छोटी जाळी ठेवावी लागते आणि ती पोह्यांतल्या कढीपत्त्याने, वरणातल्या कोथिंबिरीने पटकन भरते. खरकटं आधी कचऱ्यात काढून मगच भांडं सिंकमध्ये टाकायचं, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी लागली. भरलेलं सिंक रिकामं व्हायलाही वेळ लागतो. या एका बाबतीत महागडी आयात सिंकं सरस आहेत, आणि ज्यांच्याकडे रोज आठ-दहा माणसांचं जेवण होतं त्यांनी त्यासाठी जादा पैसे द्यायचा विचार जरूर करावा.

आता रोजचं वापरणं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आली ती शांतता. स्टीलच्या पत्र्यावर चमचे, वाट्या पडल्या की सकाळी सहाला अख्खं घर उठायचं. या सिंकमध्ये आवाज होतो, पण बसका. मुलीची दहावी होती तेव्हा याचं मोल कळलं.

हळद, चिंच, कोकम, लोणच्याचं तेल, बीट, कशाचाही डाग ग्लेझमध्ये मुरत नाही. हळदीचा पिवळेपणा रात्रभर राहिला तर सकाळी साबणाच्या पाण्याने जातो. लोखंडी तवा ओला ठेवला तर गंजाचं गोल वर्तुळ उमटतं. लिंबाच्या सालीने चोळलं की निघून जातं. दिसायला वाईट दिसतात त्या करड्या रेघा. पांढऱ्या तळावर ॲल्युमिनियमचा कुकर किंवा स्टीलचं पातेलं ओढलं की पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ उमटते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ओरखडा पडला, गेलं सिंक. तो ओरखडा नसतो. ग्लेझ त्या धातूपेक्षा कठीण असतं, त्यामुळे धातूच घासला जाऊन त्याचा पातळ थर वर बसतो. खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चोळला की जातो. सागवानी जाळी ठेवली तर रेघा पडतच नाहीत. तारेची घासणी या सिंकला अजिबात लावायची नाही, तीच सगळ्यांत जास्त रेघा पाडते. मावशींनी नारळाचा काथ्या पुन्हा सुरू केला आणि तो उत्तम चालतो. संडासाचं ॲसिड सिंकमध्ये ओतायची सवय काही घरांत असते. ग्लेझला कदाचित काही होणार नाही, पण कपलिंगचं क्रोम आणि आजूबाजूच्या टाइलच्या सांध्यांमधलं सिमेंट ते खाऊन टाकतं.

फुटतं काय, तर भांडी. स्टील थोडं दबतं, सिरॅमिक दबत नाही. काचेचा पेला किंवा चहाचा कप हातातून निसटला तर तो वाचत नाही, धरूनच चाला. ज्यांच्या घरी चिनी मातीची आणि काचेची भांडी रोजच्या वापरात आहेत त्यांनी तळाला जाळी किंवा रबरी मॅट ठेवल्याशिवाय हे सिंक वापरू नये. आमच्याकडे बहुतेक सगळं स्टीलचं आणि पितळेचं, म्हणून निभावतं.

सिंकलाही लागतं. धाकट्याच्या हातून लोखंडी खलबत्त्यातला बत्ता पडला आणि पुढच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. आतून साय रंगाची, जराशी भरड माती दिसायला लागली. असा टवका तसाच सोडायचा नाही. ग्लेझच्या खालची माती सच्छिद्र असते, तिथून पाणी मुरत राहतं. जागा दोन दिवस पूर्ण कोरडी ठेवून पांढऱ्या इपॉक्सीने भरली, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासली. जवळून बघितलं तर जागा कळते, हाताला कळत नाही. उकळतं पाणी या सिंकला सोसतं. भाताची पेज, शेवयांचं पाणी आम्ही सरळ ओततो, फक्त हिवाळ्यात आधी नळ थोडा सोडून.

पाण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. खडकवासल्याचं पालिकेचं पाणी मऊ आहे, त्याचे डाग पडत नाहीत. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आणि बोअर सुरू झाले की क्षारांचे पांढरे थेंब सगळीकडे बसतात. काळ्या क्वार्ट्झच्या सिंकवर ते पहिल्या आठवड्यात दिसतात, स्टीलवरही दिसतात. पांढऱ्यावर दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की खरखरीत लागतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास पसरून ठेवलं की सुटतात. आणि हे सिंक भरून भांडी घासायचा मोह टाळा. पंचेचाळीस लिटर म्हणजे तीन-चार बादल्या. गुरुवारी पाणी बंद असलं की तेवढ्यात घराची सकाळ निघते. आम्ही आत प्लॅस्टिकचं छोटं घमेलं ठेवतो, त्यात साबणाचं पाणी. विसळायला तेवढा नळ.

तुमचं घर भाड्याचं असेल, किंवा ओटा न तोडता नुसतं सिंक बदलायचं असेल, तर स्टीलचं घ्या: ३०४ ग्रेडचं, निदान एक मिलिमीटर जाड, खालून आवाज दाबायचे रबरी पॅड लावलेलं. ते चांगलं काम देतं. सिरॅमिकसाठी ओटा तोडावा लागतो, भिंती बांधाव्या लागतात, आणि सिंकपेक्षा त्या कामालाच जास्त पैसे जातात. पण ओटा तसाही नवा होणार असेल आणि घरात भांडी हाताने घासली जात असतील, तर हेच घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन.

देखभालीत एकच काम दर वर्षी करावं लागतं. ग्रॅनाइट आणि सिंकच्या सांध्यातली सिलिकॉनची पट्टी पावसाळ्यात बुरशीने काळी पडते. ऑक्टोबरात ऊन पडायला लागलं की ती ब्लेडने खरवडून काढायची, सांधा स्पिरिटने पुसून कोरडा करायचा आणि बुरशीरोधक सिलिकॉन नव्याने भरायचं. एक नळी पुरते. ते वाळेपर्यंत पूर्ण एक दिवस सिंकमध्ये पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्या दिवशीची भांडी आम्ही बाल्कनीतल्या नळावर घासतो.